खुळखुळ

आप्पांच्या गाडीत एक आवाज होता. तो मोठा नव्हता, सततचा नव्हता, आणि गाडीच्या चालण्यात त्याने कधी अडथळा आणला असेही नव्हे. गाडीत बसलेल्या पाहुण्याला तो बहुधा ऐकूही येत नसे. आप्पांना मात्र तो ऐकू येई. किंबहुना तो येण्यापूर्वीच ते त्याची वाट पाहत असत. आणि आवाज आला, की शेजारी बसलेल्या माणसाकडे न बघता म्हणत, "ऐकलंत? इथली बनावट!" त्या दोन शब्दांत एका जुन्या खटल्याचा निकाल असे. पुरावा दर खेपेस नव्याने सादर व्हायचा, आरोपी मात्र बदलत नसे.

'बनावट' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. वस्तू कुठे घडली, कोणी घडवली, हे सांगणारी बनावट वेगळी आणि खोट्या नाण्याला लावायचे विशेषण वेगळे. पण उच्चार एकच. आप्पांच्या तोंडी 'इथली' हा शब्द आधी आला, की हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जात.

चिंचवडच्या ज्या भागात आप्पांचे घर आहे, तिथल्या बहुतेक घरांची चूल कारखान्यांवर पेटत आली. आप्पांचीही तशीच. १९४४ साली सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्म, आय.टी.आय.मध्ये फिटरचे शिक्षण, आणि मग भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका लहान कारखान्यात, आधी प्रेसवर आणि नंतर तपासणी विभागात, २००४ साली निवृत्त होईपर्यंतची सारी वर्षे. मोटारीवर नाव लागते ते एका कंपनीचे. पण मोटारीत हजारो भाग असतात आणि त्यांतले पुष्कळसे असल्या लहानलहान शेडमधून टेम्पोत भरून त्या कंपनीच्या फाटकाशी पोहोचतात. आप्पांच्या हातांखालून गेलेल्या पट्ट्या, क्लिपा आणि ब्रॅकेटे कोणाच्या नजरेस कधी पडल्या नाहीत. गाडी उघडल्यावाचून त्या दिसत नाहीत, आणि नीट बसलेल्या असल्या तर गाडी उघडण्याची वेळ येत नाही. या व्यवसायात कौतुकाला जागा नव्हती. कोणी काही बोलले नाही, म्हणजे काम चांगले झाले, एवढेच समजायचे.

अशा माणसाने परदेशी वस्तूंचा भक्त व्हावे, हे वरवर विचित्र वाटते. पण आप्पांच्या पिढीत ते मुळीच विचित्र नव्हते. त्यांच्या कारखान्यातला सर्वांत जुना मायक्रोमीटर जर्मनीचा होता. लाकडी पेटीत, मखमलीच्या खोबणीत तो ठेवलेला असे आणि त्याला हात लावण्यापूर्वी हात पुसावे लागत. घरी सासऱ्यांकडून आलेले घड्याळ स्विस होते. आखातात गेलेला आतेभाऊ सुट्टीवर येई, तेव्हा त्याच्या बॅगेतून निघणारा जपानी टेपरेकॉर्डर वाड्यातली माणसे रांगेने येऊन पाहून जात. त्या काळी इकडे मागणी करून वर्षानुवर्षे थांबल्यावर जी वस्तू मिळे, ती पहिल्या दिवसापासून दुरुस्तीला आलेली असे. तेव्हा कोणतीही वस्तू हातात आली, की उलटी करून तिच्या तळाशी देशाचे नाव वाचायचे, ही सवय आप्पांना लागली ती कायमची. नातवाने खेळणे आणले तरी पहिला प्रश्न तोच : "कुठली बनावट?"

देशाचे नाव वस्तूवर छापण्याच्या प्रथेला एक गमतीदार इतिहास आहे. १८८७ साली ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पाडले, ते मुख्यतः जर्मन मालापासून गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी. जर्मन सुऱ्या-कात्र्या त्या वेळी स्वस्त नकला समजल्या जात. काही वर्षांतच तो इशारा प्रशस्तिपत्र होऊन बसला. जपानी मालाचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे 'जपानी' म्हणजे दिसायला चकचकीत आणि दोन दिवसांत मोडणारे, अशीच जगभर समजूत होती. १९५० साली डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने जपानी कारखानदारांपुढे व्याख्याने दिली. दोषी माल शेवटी वेचून बाजूला काढण्यापेक्षा तो होणारच नाही अशी कामाची रीत बसवावी, हे त्याच्या शिकवणुकीचे सार. जपान्यांनी ते मनावर घेतले, त्याच्या नावाने दुसऱ्याच वर्षी पारितोषिक सुरू केले, आणि एका पिढीच्या आत 'जपानी' या शब्दाचा अर्थ उलटा झाला. म्हणजे देशाच्या नावाला चिकटलेली गुणवत्ता ही मातीतून उगवत नाही. ती चिकटते आणि निघूनही जाते. आप्पांना यातले पुष्कळ माहीत होते. पण माहीत असणे आणि पटणे यांच्यामध्ये एखाद्या ब्रॅकेटपुरती फट राहू शकते.

आप्पांची पहिली मोटार जुनी होती. १९८५ साली त्यांनी ती दुसऱ्या हाताची घेतली. स्टिअरिंगच्या दांड्याला लागून गिअर, दारांना जाड पत्रा, आणि उन्हाळ्यात बॉनेट उघडे टाकून घाटात उभी राहण्याची खोड. त्या गाडीत इंजिन वाजे, दारे वाजत, काचा वाजत, डिकीतला जॅक वाजे. सगळीच गाडी वाजत असल्याने वेगळे असे काहीच वाजत नसे. तिच्याबद्दल आप्पांची तक्रार नव्हती. मोटार असणे हीच तेव्हा एक मोठी गोष्ट होती.

भारतीय मोटारीची वाटच तशी खडबडीत. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत मोटारी जुळवायला सुरुवात केली, तेव्हा भाग पेट्यांतून येत आणि इथे केवळ जोडले जात. १९४२ साली बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स स्थापन झाली, १९४४ साली वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. एकीचा कारखाना पुढे बंगालात उत्तरपाड्याला वसला, दुसरीचा मुंबईत कुर्ल्याला. १९५३ च्या सुमारास सरकारने ठरवले, की ज्यांना गाडीचे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचे असतील त्यांनी राहावे, नुसते जुळवणाऱ्यांनी राहू नये. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मग तीस वर्षे देशात दोन-तीन प्रकारच्याच मोटारी धावल्या. १९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून सुझुकीच्या आराखड्याची पहिली मारुती बाहेर पडली. पुढे १९८५ नंतर येन महाग होत गेला, जपानहून पेट्या आणणे परवडेनासे झाले आणि सुटे भाग इथे बनवून घेण्याची निकड वाढली. १९९३ साली मोटारींच्या उत्पादनावरचे परवान्याचे बंधन उठले, तेव्हा एकामागून एक परदेशी कंपन्या येऊ लागल्या. भोसरीसारख्या वसाहतींतल्या शेडमध्ये रात्रपाळ्या सुरू झाल्या त्या याच काळात. गिऱ्हाईक परदेशी, नकाशा परदेशी, पत्रा आणि हात इथले.

आप्पांनी दुसरी मोटार घेतली ती निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, २०१२ च्या दसऱ्याला. ती नवी कोरी होती. नाव परदेशी कंपनीचे, जुळणी इथली. विकणाऱ्या तरुणाला आप्पांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि उत्तर ऐकून नापसंतीने मान हलवली; तरी गाडी घेतली, कारण आत बसून दार ओढून घेतल्यावर बाहेरचा सारा रस्ता एकदम दूर गेला. इतकी शांत मोटार त्यांनी आयुष्यात अनुभवली नव्हती. त्या आनंदात त्यांनी एक गोष्ट आणखी केली. गाडीबरोबर आलेला गाण्यांचा देशी संच काढून टाकला आणि दिवाळीत दुबईहून भाच्याने आणलेला परदेशी संच एका दुकानातून बसवून घेतला. "आता गाडी शोभते," असे ते म्हणाले.

आणि त्याच हिवाळ्यात तो आवाज सुरू झाला.

शांततेला ही एक किंमत मोजावी लागते. इंजिनाचा, वाऱ्याचा आणि चाकांचा आवाज जसजसा कमी होत जातो, तसतसे त्याखाली दडलेले बारीक आवाज वर येतात. मोटारी घडवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. दरवाजे, आसने, डॅशबोर्ड कंपनयंत्रावर तासन्‌तास हलवून कान देऊन बसणे, हा आता अभियंत्यांच्या कामाचा एक भाग झाला आहे. असल्या आवाजांची मूळ कुळे दोनच. दोन वस्तूंमध्ये फट राहिली आणि त्या एकमेकींवर आपटू लागल्या, की एक कूळ. दोन वस्तू एकमेकींना घट्ट टेकून असल्या आणि अडखळत, सुटत, पुन्हा अडखळत घासू लागल्या, की दुसरे. पहिल्याला फट बुजवावी लागते : फेल्टची पट्टी, रबराचा तुकडा, आवळलेला स्क्रू. दुसऱ्याला घर्षण कमी करावे लागते : सिलिकॉनचे ग्रीस, नाहीतर मध्ये कापडी चिकटपट्टी.

पण मराठी माणसाला हे शास्त्र शिकण्यापूर्वीच त्याची परिभाषा मिळालेली असते. खडखड ती पत्र्याची. खटखट ती सांध्याची. करकर ती चामड्याची किंवा नव्या वहाणेची. कुरकुर ती रबराची, लाकडाची आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची. थडथड जाडजूड वस्तूची, किणकिण काचेची, खणखण धातूची, आणि खुळखुळ पोकळीत सुटलेल्या लहानशा वस्तूची. गॅरेजातला अडाणी म्हणवला जाणारा पोऱ्याही यातला एक शब्द ऐकून नेमका पाना हातात घेतो. म्हणून शब्द चुकला, तर पाना चुकतो.

आप्पांनी आपल्या आवाजाला पहिल्याच दिवशी 'खडखड' म्हटले. म्हणजे पत्रा. म्हणजे ब्रॅकेट. म्हणजे नीट न बसलेली, कुठल्याशा शेडमध्ये घाईने दाबलेली ब्रॅकेट. शोध सुरू होण्याआधीच तो संपला होता. राहिले होते ते फक्त ठिकाण.

त्या ठिकाणाचा आप्पांनी केलेला पाठलाग मात्र खऱ्या तपासनिसाचा होता. त्यांनी एक शंभर पानी वही केली. तारीख, वेळ, वेग, रस्ता डांबरी की काँक्रीटचा, काचा वर की खाली. हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यातून सारे सामान बाहेर काढून चालवून पाहिले. डिकीतले जादा चाक आणि जॅक घरी ठेवून पाहिले. चाकांतली हवा कमीजास्त केली. पत्नीला मागे बसवून दारांचे अस्तर तळहाताने दाबून धरायला लावले. गाडी उभी करून डॅशबोर्डवर मुठीने हलकेच ठोकत, कान लावून, वैद्याने छाती तपासावी तसे ते तपासत. कंपनीच्या सेवा केंद्रात चार वेळा तक्रार नोंदवली. तिथल्या गणवेशातल्या मुलाने चारही वेळा त्यांच्याबरोबर एक फेरी मारली आणि "सर, नॉर्मल आहे," असे सांगितले. ज्या आवाजाने आप्पांची झोप उडाली होती, तो त्या सरळ, गुळगुळीत फेरीत एकदाही उमटला नाही.

वहीत एक नोंद पुन्हापुन्हा आलेली होती आणि आप्पांनी ती एकदाही नीट वाचली नव्हती. आवाज सरळ रस्त्यावर क्वचित येई. तो येई वळणावर.

२०१६ च्या मार्चमध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली : भारतात बनलेली बलेनो ही मोटार सुझुकीने जपानमध्ये विक्रीला ठेवली. आप्पांनी ती दोनदा वाचली. चाकणला बनलेल्या मोटारी मेक्सिकोत विकल्या जातात, हे त्यांनी ऐकले होते. पण मेक्सिको वेगळे आणि जपान वेगळे. एखाद्या जपानी गृहस्थाने गाडीचे दार उघडून 'कुठली बनावट?' असे विचारावे आणि उत्तर ऐकून आपल्यासारखीच मान हलवावी, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावे. "त्यांना कळेल आता," एवढेच ते म्हणाले. काय कळेल, ते त्यांनी सांगितले नाही.

असे त्यांचे गप्प होणे एरवीही कधी कधी घडे. १९९६ साली गिऱ्हाईक-कंपनीने पुरवठादारांच्या माणसांसाठी एक वर्ग भरवला होता. तिथे कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्याची कथा सांगण्यात आली. फ्रीमाँटचा हा कारखाना जनरल मोटर्सचा. तिथल्या कामाची कीर्ती इतकी वाईट, की १९८२ साली तो बंद झाला. १९८४ साली टोयोटाबरोबर भागीदारी करून तो पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी पूर्वीचेच, गाव तेच, देश तोच. बदलली ती कामाची रीत. दोष दिसला तर साध्या कामगारानेही दोरी ओढावी आणि गरज पडल्यास अख्खी साखळी थांबावी, असा तिथला नवा नियम होता. थोड्याच काळात तिथल्या मोटारी जपानी मोटारींच्या तोडीस तोड निघू लागल्या. वर्गातल्या सगळ्यांनी ही कथा उतरून घेतली. आप्पांनीही 'दोरी' या शब्दापर्यंत लिहिले, आणि वही मिटली. संध्याकाळी घरी आल्यावर ते जेवले नाहीत, एवढे पत्नीला आठवते.

त्या मे महिन्यात दोघे वाईहून पाचगणीला निघाले होते. पसरणीच्या घाटात वळणामागून वळण येते, आणि प्रत्येक वळणावर तो आवाज येत होता. आप्पा प्रत्येक वेळी "खडखड, खडखड" म्हणत होते. काकूंनी गाडीच्या आवाजात तोवर कधी लक्ष घातले नव्हते. त्यांच्या कानाला दुसरी कामे होती. नारळ हलवून आतले पाणी ओळखावे, माठ टिचकीने वाजवून घ्यावा, कढईतल्या आवाजावरून पुरी कधी उलटायची ते ठरवावे, असा तो कान होता. चौथ्या-पाचव्या वळणावर त्या म्हणाल्या,

"अहो, ही खडखड नव्हे. खुळखुळ आहे."

"एकच ते."

"एकच कसं? पत्रा जागच्या जागी वाजतो. हे घरंगळतंय. आत्ता तुमच्याकडे गेलं, मागच्या वळणाला माझ्याकडे आलं होतं. आपल्या बाळाच्या खुळखुळ्यासारखं."

आप्पांनी घाटातल्या एका रुंद जागी गाडी उभी केली, वही काढली, आणि चार वर्षांच्या नोंदी खालच्या बोटाने वाचत गेले. वळण. वळण. ब्रेक, मग वळण. नीट न बसलेला भाग खड्ड्यात वाजतो, ठरावीक वेगाला वाजतो. डावे-उजवे वळण त्याला कळत नाही. उभे आयुष्य तपासणीत काढलेल्या माणसाला हे सांगावे लागू नये. पुढचा सारा घाट ते काही बोलले नाहीत.

पुण्यास परतल्यावर ते सेवा केंद्रात गेले नाहीत. चिखलीच्या रस्त्याला पत्र्याच्या छपराखाली एक गॅरेज आहे. बीडकडून आलेला पंचविशीतला एक मुलगा ते चालवतो. त्याने सगळे ऐकून घेतले, गाडी थोडी पुढेमागे घेऊन डावीउजवीकडे वळवली आणि म्हणाला, "काका, खोलावं लागंल. तासभर बसा." एकेक क्लिप न मोडता तो डॅशबोर्डचा मधला भाग सोडवत गेला. गाण्यांचा संच बाहेर आला. त्याच्या मागची, वारा नेणारी प्लॅस्टिकची पोकळ नळी त्याने सोडवली, कानाशी धरली आणि हलवली. खुळखुळ. मग त्याने ती उलटी केली. त्याच्या तळहातावर एक काळा, बारीक स्क्रू पडला.

"हा गाडीचा नाही, काका. गाडीचे सगळे जागच्या जागी हाएत. हा टेप बसवणाऱ्याचा. हातातून निसटला असंल, शोधत कोण बसतंय."

आप्पांनी स्क्रू घेतला. दुबईच्या संचाबरोबर आलेल्या पुडीतला तो होता. त्याच्यावर कोणत्याही देशाचे नाव नव्हते. एवढ्याशा स्क्रूवर नाव मावतही नाही.

मुलगा नळी पुन्हा बसवायला निघाला, तेव्हा आप्पा म्हणाले, "थांब जरा." त्यांनी विजेरी मागून घेतली आणि उघड्या पोकळीत वाकून पाहिले. आत, संच ज्या सांगाड्यावर टेकतो तिथे, काटकोनात वाकवलेली पत्र्याची एक ब्रॅकेट होती, पिवळसर जस्ताचा मुलामा दिलेली. तिच्यावर ठोकलेली पुरवठादाराची खूण आप्पांच्या ओळखीची होती. चाकणच्या बाजूच्या एका कारखान्याची. त्यांनी टपरीवरच्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडला आणि ब्रॅकेट व तिची बैठक यांच्यामध्ये सरकवून पाहिला. कागद आत गेला नाही. वरून पाहिला, खालून पाहिला. कुठेच गेला नाही.

मग कोणी न विचारता त्यांनी सांगायला सुरुवात केली.

१९९४ सालचा मार्चअखेर होता. अशाच एका ब्रॅकेटचे चार हजार नग गिऱ्हाइकाकडे जायचे होते. पत्र्याची नवी खेप नेहमीपेक्षा कडक आली होती, आणि कडक पत्रा वाकवल्यावर थोडा जास्त उलटा फिरतो. डायमध्ये काटकोन होतो, बाहेर आल्यावर तो उघडतो. सगळे नग दीड अंशाने उघडे राहिले होते. आप्पांनी नमुने काढले, मोजले, आणि लाल खडूने पेट्यांवर फुली मारली. संध्याकाळी मालक स्वतः खाली आले. ओरडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आप्पा, स्क्रू आवळला की बसेलच ना ती? चालेल ना?" बाहेर टेम्पो उभा होता. पगार त्या बिलावर थांबले होते. बसेल हे खरे होते. पण जबरदस्तीने बसवलेला पत्रा आतून ताणलेला राहतो, वर्षा-दोन वर्षांत स्क्रू ढिला होतो, आणि मग वाजू लागतो, हेही आप्पांना ठाऊक होते. त्यांनी कागदावर 'सवलतीने मंजूर' असे लिहिले आणि सही केली. फुल्या ओल्या फडक्याने पुसल्या, त्याही स्वतःच. पुढे कधी तक्रार आली नाही. माल परत आला नाही. त्या सहीबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही.

मुलगा हात पुसत ऐकत होता. त्याने सरळ हिशेब केला.

"म्हंजी एका गाडीत एक धरली तर चार हजार गाड्या वाजल्या असतील."

"सगळ्या नसतील."

"पण वाजल्या तर असतील."

"हो," आप्पा म्हणाले. बावीस वर्षांत हा 'हो' त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि त्यांतला प्रत्येक माणूस म्हणाला असेल, इथली बनावट."

मुलाला यावर काय बोलावे ते सुचले नाही. तो जन्मला, त्याच्या आधीची ती गोष्ट होती किंवा नुकत्याच नंतरची. त्याने चहा मागवला. चहा झाल्यावर तो एकेक भाग परत जोडू लागला. जिथे प्लॅस्टिक प्लॅस्टिकला टेकत होते तिथे त्याने न सांगता फेल्टच्या बारीक पट्ट्या लावल्या. शेवटचे दोन स्क्रू राहिले, तेव्हा स्क्रू ड्रायव्हर त्याने आप्पांपुढे धरला. आप्पांनी ते आवळले, बेताने, आटे न बिघडवता, आणि स्क्रू बसल्याचा तो शेवटचा घट्टपणा मनगटाला कळल्यावर थांबले.

दुसऱ्याच्या कामाविषयी माणसाचे कठोर मत कुठून येते, याचा शोध सहसा घेतला जात नाही. ते अनुभवातून आले, असे आपण मानतो, आणि ते खोटे नसते. पण त्या अनुभवात आपला वाटा किती, हा हिशेब मागे राहतो. 'इथे सगळे असेच' या वाक्यात मोठा दिलासा आहे. एकदा देशच दोषी ठरला, की त्या देशातल्या एका शेडमधल्या, एका संध्याकाळच्या, एका सहीला वेगळे नाव द्यावे लागत नाही. परदेशी मालाची थोरवी गाताना आप्पा बावीस वर्षे कदाचित एवढेच म्हणत होते, की जिथे ती दोरी ओढता येते अशी जागा पृथ्वीवर कुठेतरी आहे. ते खरेच होते. फक्त त्या दिवशी भोसरीतही एक दोरी होती. लाल खडूची होती, आणि ती आधी ओढून मग सोडून देण्यात आली होती.

घरी परतताना नेहमीच्या वळणावर आप्पांनी सवयीने श्वास रोखला. आवाज आला नाही. त्यांनी शेजारच्या रिकाम्या आसनाकडे पाहिले. सवयीचे वाक्य ओठांवर आले होते. पण ते म्हणायला आता काही कारण उरले नव्हते.

तो काळा स्क्रू त्यांनी टाकून दिला नाही. घरच्या हत्यारांच्या पेटीत एका डबीत तो अजून आहे.

गाड्यांचा धर्म असा, की एक आवाज गेला की त्याखालचा दुसरा ऐकू येतो. पावसाळ्यानंतर मागच्या डाव्या दाराशी एक बारीकसा आवाज सुरू झाला. काकूंनी तो आधी ऐकला. "कुरकुर," त्या म्हणाल्या, "रबराची." आप्पांनी मान डोलावली. पूर्वी अशा वेळी ते काय म्हणत, ते काकूंना पाठ होते, म्हणून त्या क्षणभर थांबल्या. आप्पा काही म्हणाले नाहीत. ते आत गेले, फडके आणि ग्रीसची नळी घेऊन आले, आणि जिना उतरून गाडीकडे चालू लागले.